पिसू मांजरावर, अंडी अंथरुणात

पावसाळ्यात आया लहान मुलांना घेऊन दवाखान्यात येतात. मुलाच्या घोट्याभोवती खाजरे लाल फोड असतात आणि खरूज समजून मलम लावलेले असते. "घरात मांजर आहे का?" असे मी विचारतो. "आहे, पण बाहेर जात नाही," असे उत्तर मिळते. मांजर बाहेर गेले नाही तरी उंदरांबरोबर, कुत्र्याबरोबर किंवा माणसाच्या कपड्यांतून पिसवा घरात येऊ शकतात.

मादी पिसू दिवसाला ४० पर्यंत अंडी घालते. ती अंगावरून गळून वाकळीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत पडतात. अंड्यातून अळी निघते, अळीचा कोष होतो. कोषात पिसू काही महिनेही तग धरते. गावाहून येऊन बंद घर उघडताच पिसवा पायावर चढतात, त्या यामुळेच. म्हणून नुसते मांजर धुऊन भागत नाही.

मांजराची केसातली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवा. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा समजावी. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मांजराचे अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. कोपरे, फटी व पलंगाखालची जागा रोज झाडावी. हे दोन-तीन महिने चालू ठेवावे. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून, जनावराच्या वजनाप्रमाणेच घ्यावे. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. त्यातील परमेथ्रिनने मांजर दगावू शकते.

एक गोष्ट निक्षून सांगतो. सोयाबीन-कापसावर फवारायचे औषध मांजराला लावू नका, घरातही मारू नका. मांजर अंग चाटते, लेकरे त्याला कुरवाळतात आणि विष दोघांच्याही पोटात जाते. असे घडून उलट्या, लाळ गळणे, घाम किंवा धाप दिसली तर औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा.

१९९४ साली आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. प्लेग पसरवते ती मुख्यतः उंदरावरची पिसू, त्यामुळे घरच्या मांजराची धास्ती नको. मात्र धान्य झाकून ठेवा, उंदरांची बिळे बुजवा, मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. एकाएकी बरेच उंदीर मरू लागले तर आरोग्य केंद्राला कळवा.

फोड खाजवून चिघळले किंवा ताप आला, तर घरगुती लेप न लावता डॉक्टरांना दाखवावे.