ऊतीतून मूळ पेशी वेगळ्या करताना

१९८८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आयर्विंग वाइसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या अस्थिमज्जेतून रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशी निवडून काढल्या, तेव्हा सुमारे दोन हजार पेशींमागे अवघी एक त्यांच्या हाती आली. प्राणघातक प्रारण दिलेल्या उंदरांना अशा तीस पेशी टोचल्या असता निम्मे उंदीर वाचले. ही निवड ज्या यंत्राने झाली, ते त्याच विद्यापीठात लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी विकसित केले होते. त्यात पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात. पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडास रंजकद्रव्य जोडलेले असते. त्याची चमक मोजून, पेशी वाहणाऱ्या थेंबाला विद्युत् भार देऊन, तो थेंब हव्या त्या नळीत वळविला जातो.

चुका बहुधा यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घडतात. अस्थिमज्जेतील पेशी सहज सुट्या होतात. त्वचा, स्नायू, स्तन यांसारख्या घट्ट ऊती मात्र बारीक चिरून कोलॅजिनेजसारख्या विकरात पचवाव्या लागतात. ट्रिप्सिनसारखे विकर जास्त वेळ राहिले, तर ज्या प्रथिनावरून पेशी ओळखायची तेच छाटले जाते. मृत पेशींना वाटेल ते प्रतिपिंड चिकटते. एकमेकींना बिलगलेल्या दोन पेशींची यंत्र एकच नोंद करते.

बर्कलीतील मीना बिसेल आणि बॉस्टनमधील कॉर्नेलिया पोल्याक यांच्या प्रयोगशाळांनी मानवी स्तनऊतीवर संयुक्त संशोधन हाती घेतले, तेव्हा हीच अडचण उभी राहिली. ऊती एकाच प्रकारची, पद्धतीही एकच मानलेली. तरी पेशींचे आलेख जुळेनात. यंत्रे तपासली, रसायने तपासली. अखेर दोन्हीकडील संशोधक एकाच ठिकाणी शेजारी बसून काम करू लागले, तेव्हा उलगडा झाला. विकरात ऊती पचत असताना एका प्रयोगशाळेत ती जोराने ढवळली जाई, दुसरीत हळुवार हलविली जाई. ही हकीकत २०१४ साली प्रसिद्ध झाली. इतकी क्षुल्लक बाब कोणी टिपून ठेवण्याजोगी मानली नव्हती, यात नवल नाही. स्वयंपाकाच्या कृतीतही ‘ढवळत राहावे’ एवढेच लिहिलेले असते.

मात्र वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयातील किंवा पुण्यातील अभ्यासकाला दर वेळी बॉस्टनला जाऊन शेजारी बसता येत नाही. त्याच्यापुढे असतो तो छापील मजकूर. म्हणून पात्र, ढवळण्याचा वेग, तापमान, पचनाचे तास आणि विकराचा घाणा क्रमांक यांची नोंद प्रतिपिंडाच्या नावाइतकीच आवश्यक होय. मृत पेशी वेगळ्या रंजकाने ओळखून वगळाव्यात. यंत्राची चमक मोजण्याची क्षमता प्रमाणित मण्यांनी रोज पडताळावी. निवडीची सीमारेषा नजरेच्या अंदाजाने आखू नये. एकेक रंजक वगळून तयार केलेल्या नमुन्यांवरून ती ठरवावी. निवडलेल्या पेशींपैकी थोड्या पुन्हा यंत्रातून पाठविल्या, की त्यांत परक्या किती शिरल्या हे कळते. त्या खरोखर मूळ पेशी आहेत की नाहीत, हे मात्र त्यांपासून नवी ऊती उत्पन्न होते का, यावरूनच ठरते.