सीलियाक रोग आणि 'गहू पचविणारी गोळी' : वैद्यांच्या विचारार्थ

प्रास्ताविक

ग्रहणीविकार हा आपल्या शास्त्राचा हातखंडा विषय समजला जातो. दीपन-पाचन, तक्रप्रयोग, पर्पटीकल्प आणि पथ्य यांच्या आधारे अनेक रुग्णांना गुण आल्याचा अनुभव प्रत्येक चिकित्सकास असतो. या आत्मविश्वासापोटीच माझ्या हातून एका रुग्णेच्या निदानास विलंब झाला. ती हकीकत प्रथम सांगून मग मूळ विषयाकडे वळतो.

एकवीस वर्षे वयाची ही रुग्णा द्रवमलप्रवृत्ती, आध्मान, वारंवार होणारा मुखपाक, कृशता आणि पांडुता अशा तक्रारी घेऊन आली. ग्रहणी व पांडू असे निदान करून मी तिला हिंग्वाष्टक चूर्ण, लोहकल्प आणि तक्र सुरू केले. आहारात भाताबरोबर गव्हाचा फुलका चालेल, असेही सांगितले. आठ महिन्यांत क्षुधा थोडी सुधारली. हिमोग्लोबिन मात्र वाढेना. लोह पोटात जाते पण अंगी लागत नाही, ही निदानाची खूण होती आणि ती मी ओळखली नाही. अखेर एका फिजिशियन मित्राच्या सल्ल्याने रक्ततपासणी झाली, एंडोस्कोपीद्वारे ग्रहणीच्या अस्तराचा तुकडा तपासला गेला आणि सीलियाक रोग निश्चित झाला. गहू पूर्ण बंद केल्यावर सहा महिन्यांत वजन व रक्त दोन्ही वाढले.

वर्षभराने ती त्याच तक्रारी घेऊन परत आली. परदेशी राहणाऱ्या मामांनी तिला 'ग्लुटेन पचविणाऱ्या' कॅप्सूल आणून दिल्या होत्या. त्या घेऊन ती रोज दोन पोळ्या खात होती. कॅप्सूल बंद करावयास सांगितल्यावर तिने मला दोन प्रश्न विचारले. "डॉक्टर, मग तुमच्याकडे गहू पचविणारे एखादे चूर्ण नाही का?" आणि "तुमच्या चूर्णात गहू नाही ना?" त्या दिवशी या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे खात्रीचे उत्तर नव्हते. ती उत्तरे शोधताना जे वाचले आणि तपासले, ते वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधनिर्मात्यांपुढे ठेवीत आहे.

व्याधीचे स्वरूप

गहू, जव आणि राय या धान्यांतील विशिष्ट प्रथिनांना व्यवहारात ग्लुटेन म्हणतात. सीलियाक रोगात या प्रथिनांच्या सेवनाने शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या स्वतःच्याच अस्तरावर उलटते. अन्नरसाचे शोषण करणारे बोटांसारखे रसांकुर झिजून सपाट होतात. परिणामी लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम यांचे शोषण घटते. काही रुग्णांत अतिसार असतो. काहींत केवळ पांडुता, खुंटलेली वाढ, अस्थिक्षय किंवा वंध्यत्व एवढेच दिसते. अनुवंशाचा वाटा मोठा असून जवळजवळ सर्व रुग्णांत एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ ही जनुकीय खूण आढळते. मात्र ही खूण असलेल्या प्रत्येकास व्याधी होतोच असे नाही.

१८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल गी यांनी या व्याधीचे आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले व आहार हाच उपचाराचा पाया असावा, असा तर्क मांडला. गहू हे कारण दाखवून देण्याचे श्रेय डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचे. दुसऱ्या महायुद्धातील १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाची भीषण टंचाई होती, पाव मिळत नव्हता. तरी हे बालरुग्ण बिघडले नाहीत. डिके यांची आधीपासूनची शंका त्यामुळे बळावली आणि १९५० च्या प्रबंधात त्यांनी ती सप्रमाण मांडली.

हा व्याधी पाश्चात्त्यांचा, ही समजूत आता टिकणारी नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील बहुकेंद्री पाहणीत प्रौढांमधील प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के व दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. महाराष्ट्रात पोळी आता घरोघरी रोजची झाली आहे. तेव्हा आपणही सावध असलेले बरे.

एन्झाइमचा विचार कसा आला?

गव्हाचे प्रथिन नीट पचत नाही म्हणून अपाय होतो, तर ते बाहेरून पचवून द्यावे, हा विचार सरळ आहे आणि तो जुनाही आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेझर व सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले की पेप्सिन व ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमनी पचविलेले ग्लुटेनही या रुग्णांना बाधते.

याचे कारण २००२ मध्ये उलगडले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्लुटेनमधील ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा केला. जठर, स्वादुपिंड आणि आतड्याचे अस्तर या तिन्हींच्या एन्झाइमना तो पुरून उरतो. त्यात प्रोलिन व ग्लुटामिन ही अमिनो आम्ले दाटीने असतात आणि प्रोलिनजवळचा बंध तोडण्याचे सामर्थ्य मानवी पाचक एन्झाइममध्ये फारसे नाही. त्याच संशोधकांनी एका जिवाणूतील एन्झाइमने हा तुकडा तोडता येतो, हेही दाखविले. तेथून 'ग्लुटेन पचविणाऱ्या गोळी'च्या शोधाला वेग आला.

चाचण्यांतून काय दिसले?

या मार्गावरील सर्वाधिक अभ्यासलेले औषध म्हणजे लॅटिग्लुटेनेज. जवातील एक आणि जिवाणूतील एक अशा दोन एन्झाइमचे हे मिश्रण आहे. पथ्य पाळूनही त्रास होणाऱ्या ४९४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली व निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. रसांकुरांच्या बाबतीत औषध घेणारे आणि निष्क्रिय गोळी घेणारे यांत फरक आढळला नाही. लक्षणे तर दोन्ही गटांत कमी झाली. निष्क्रिय गोळीनेही रुग्णास बरे वाटते, हे आपण सर्वांनीच ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहान चाचणीत रुग्णांना सहा आठवडे रोज २ ग्रॅम ग्लुटेन मुद्दाम देण्यात आले. त्या वेळी हे औषध घेणाऱ्यांच्या आतड्याची हानी कमी झाली. मात्र संरक्षण संपूर्ण नव्हते.

अन्य मार्गही चोखाळले गेले. ग्लुटेनवर प्रक्रिया करून त्यास अधिक प्रक्षोभक बनविणाऱ्या ट्रान्सग्लुटामिनेज या शरीरातील एन्झाइमला रोखणारे झेडईडी १२२७ हे द्रव्य २०२१ च्या चाचणीत आशादायक ठरले. रोज ३ ग्रॅम ग्लुटेन देऊनही आतड्याची हानी कमी झाली. आतड्याच्या पेशींमधील सांधे घट्ट ठेवू पाहणाऱ्या लॅराझोटाइडची अंतिम टप्प्यातील चाचणी मात्र २०२२ मध्ये थांबविण्यात आली. नेक्सव्हॅक्स-२ ही लस २०१९ मध्येच मागे पडली होती. हा लेख लिहीपर्यंत यांपैकी एकाही औषधास सीलियाक रोगावरील उपचार म्हणून मान्यता मिळालेली नाही. चाचण्या चालविणाऱ्यांचेही उद्दिष्ट बहुतांशी मर्यादित आहे : पथ्य पाळताना नकळत पोटात गेलेल्या अल्प ग्लुटेनपासून संरक्षण. पोळी खाण्याची मुभा हे ते उद्दिष्ट नव्हे.

बाजारातील कॅप्सूल

माझ्या रुग्णेच्या कॅप्सूल या चाचण्यांतील औषधाच्या नव्हत्या. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या होत्या. अशा पाच प्रचलित उत्पादनांची प्रयोगशाळेत परीक्षा होऊन २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ग्लुटेनचे अपायकारक अंश तोडण्यात ती पाचही निष्प्रभ ठरली. ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासूनचे एक एन्झाइम त्याच परीक्षेत प्रभावी ठरले. पण परीक्षानळीतील यश आणि पोळी-भाजीने भरलेल्या जठरातील यश यांत अंतर आहे. अन्न जठरातून ग्रहणीत उतरण्यापूर्वी, आम्लात टिकून, सर्व कणांपर्यंत पोहोचून एन्झाइमने काम संपविले पाहिजे.

येथे थोडे गणित करू. एका मध्यम पोळीत सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. गोळीने ९५ टक्के ग्लुटेन पचविले असे उदारपणे मानले, तरी १५० मिलिग्रॅम शिल्लक राहते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्यानेही रुग्णांच्या रसांकुरांस इजा झालेली दिसली. म्हणजे उत्तम गोळी घेऊन खाल्लेली एक पोळीदेखील या मर्यादेच्या तिप्पट ठरते. रुग्णेच्या मामांना मी हेच गणित कागदावर मांडून दाखविले.

आपले दीपन-पाचन काय करील?

आता तिचा पहिला प्रश्न. न पचलेला तो ३३ अमिनो आम्लांचा तुकडा पाहून त्यास 'आम' म्हणण्याचा मोह आपणास होतो, आणि मग पाचनाचा विचार ओघानेच येतो. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा तुकडा निरोगी मनुष्यासही पचत नाही. रुग्ण आणि निरोगी यांतील भेद पचनाचा नसून त्या अपचित अंशास शरीर काय प्रतिसाद देते याचा आहे. म्हणून हा केवळ अग्निमांद्याचा विषय नव्हे. आपल्या परिभाषेत तो असात्म्याच्या अधिक जवळ जातो. अग्नी कितीही प्रदीप्त केला तरी जे एन्झाइम मानवी देहातच नाही ते चित्रक किंवा शुंठी निर्माण करू शकणार नाही. 'संस्कारा'चा आधारही येथे अपुरा आहे. वर्षभर जुना केलेला गहू, भाजलेले जव, खपली गहू किंवा गव्हांकुराचा रस यांपैकी काहीही या रुग्णास निर्धोक ठरत नाही.

मग आपल्या शास्त्राजवळ देण्यासारखे काय उरते? जे उरते तेच सर्वांत मोलाचे आहे : निदानपरिवर्जन. साठ वर्षांहून अधिक काळ गोळीचा शोध चालू असूनही आधुनिक वैद्यकाची सिद्ध चिकित्सा आजही हीच आहे. पथ्य समजावून सांगण्याची आणि रुग्णाकडून वर्षानुवर्षे पाळून घेण्याची परंपरा आपली आहे. या व्याधीत पथ्य हे औषधाचे साहाय्यक नसून पथ्य हेच औषध आहे.

औषधालयातील गहू

दुसऱ्या प्रश्नाने मला अधिक अस्वस्थ केले. माझ्या हिंग्वाष्टकासाठी वापरलेल्या हिंगाच्या डबीवरील बारीक अक्षरे मी प्रथमच वाचली : खाद्य डिंक, गव्हाचे पीठ, हिंग. बाजारातील बांधानी हिंगात मैदा हा नेहमीचा घटक असतो. हिंग्वाष्टकात आठवा भाग हिंग, म्हणजे ३ ग्रॅम चूर्णात सुमारे ३७५ मिलिग्रॅम. त्यात निम्मे पीठ धरले तर एका मात्रेतून सुमारे १८ ते २० मिलिग्रॅम आणि दोन मात्रांतून ४० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन रोज पोटात जाऊ शकते. तुपात भाजून केलेल्या शुद्धीने ते नष्ट होत नाही. गहू बंद करून ग्रहणीवर हेच चूर्ण देत राहणे, म्हणजे एका हाताने आग विझवीत दुसऱ्या हाताने काडी लावणे होय.

औषधनिर्मात्यांना म्हणूनच विनंती आहे. लेबलावर 'हिंगु' एवढेच छापून भागणार नाही. पीठविरहित हिंग वापरावा व तसे स्पष्ट लिहावे. वटीसाठी स्टार्च वापरला असेल तर तो मक्याचा की गव्हाचा, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. अगस्त्य हरीतकीसारख्या कल्पांत जव हा मूळ पाठातीलच घटक आहे. असे कल्प या रुग्णांस टाळावेत. कुटण-दळणाची यंत्रे गहू-जवासाठी वेगळी असावीत. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणविणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. औषधासाठीही हीच कसोटी आपण स्वेच्छेने का लावू नये?

चिकित्सकाने ध्यानात ठेवावे

१. लोहकल्पास दाद न देणारा पांडू, दीर्घकालीन अतिसार, बालकाची खुंटलेली वाढ, अकारण कृशता यांत सीलियाकची शंका घ्यावी. टीटीजी-आयजीए व एकूण आयजीए या रक्ततपासण्या करवून पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

२. तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नये. 'आधी गहू सोडून पाहा' हा आपला नेहमीचा सल्ला येथे घातक ठरतो. तपासणी खोटी नकारात्मक येऊन निदान कायमचे हुकू शकते.

३. निदान झाल्यावर पथ्य आजन्म आहे. लक्षणे शमली म्हणजे गहू सात्म्य झाला, असे नव्हे. रुग्णाचे आईवडील, भावंडे व अपत्ये यांचीही तपासणी सुचवावी.

४. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा ही आपली धान्ये निर्धोक आहेत. परंतु गव्हामागोमाग त्याच जात्यावर दळलेले ज्वारीचे पीठ निर्धोक नाही. या रुग्णांनी घरघंटीवर, केवळ याच धान्यांसाठी राखलेल्या, दळावे. रवा, शेवया, कुरडया, सांजा हे गव्हाचेच प्रकार आहेत, हे वेगळे सांगावे लागते.

५. कोणतेही एन्झाइम, आसव वा चूर्ण 'हे घेऊन गहू चालेल' असे सांगून देऊ नये.

समारोप

गहू पचविणारी गोळी उद्या निघेलही. तसे झाल्यास तिचे स्वागतच करू. परंतु ती नसताना ती असल्याचा भास रुग्णास देणे, मग तो परदेशी कॅप्सूलने असो वा आपल्या चूर्णाने, वैद्यधर्मास धरून नाही. माझी रुग्णा आता घरघंटीवरची भाकरी खाते, विनाहिंगाचे दीपन चूर्ण घेते आणि तिचे रक्त पुन्हा भरले आहे. तिच्या घरच्यांनी फोडणीचा हिंगही बदलला. तिने विचारलेले दोन प्रश्न मात्र माझ्या औषधालयात राहिले आहेत. प्रत्येक नव्या डबीवरची बारीक अक्षरे मी आता वाचतो. वाचकांनीही आपल्या फडताळातील हिंगाची डबी आजच उलटून पाहावी, एवढीच नम्र विनंती.