गडाची वाट दारापासून

जुन्नर तालुक्यातील येडगाव हे कुकडी नदीच्या काठचे गाव. येथे नदीवर मोठे धरण आहे. येडगावच्या पश्चिमेकडे, जुन्नर शहराशेजारी, शिवनेरी किल्ला उभा आहे. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म याच किल्ल्यावर झाला. नातवंडांना घेऊन एकदा तरी हा गड चढावा, असे या भागातील कितीतरी आजी-आजोबांना वाटत असते.

परंतु शिवनेरीची चढण सोपी नाही. पायऱ्यांच्या वाटेवर एकामागून एक सात दरवाजे लागतात. नित्य घरात बसून राहणाऱ्या माणसाला अर्ध्या वाटेतच धाप लागते. मग तो म्हणतो, "आता वय झाले!" खरे पाहता हा दोष एकट्या वयाचा नसतो. वयाबरोबर स्नायूंचे बळ घटते, हे खरे. पण जे स्नायू वापरले जात नाहीत, त्यांचे बळ फार लवकर घटते. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. हृदयाला व फुप्फुसांना श्रमाची सवय राहते. गुडघ्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीमुळेच तिला सांध्यातील द्रवातून पोषण मिळते.

म्हणून गडाची तयारी घराजवळच्या वाटेवर करावी लागते. प्रौढांनी व वृद्धांनी आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालले, की तो पुरा होतो. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतकी गती असावी. आरंभी सपाट रस्ता धरावा. काही आठवड्यांनी चढाची वाट, मग देवळाच्या पायऱ्या, असा क्रम ठेवावा. उतरण्याचाही सराव करावा. कारण गड उतरताना मांड्यांवर व गुडघ्यांवर अधिक ताण पडतो. छातीत दुखू लागले, तर मात्र तत्काळ थांबावे व डॉक्टरांना दाखवावे.

नित्य चालण्याचे सामर्थ्य केवढे असते, हे आचार्य विनोबा भावे यांनी दाखवून दिले. १९५१ साली त्यांची भूदान पदयात्रा सुरू झाली, तेव्हा त्यांना पंचावन्न वर्षे पूर्ण झाली होती. पुढे १९६४ पर्यंत, सुमारे तेरा वर्षे, ते गावोगाव पायी हिंडले. एवढे मोठे अंतर त्यांनी रोजच्या लहान लहान मजलांनी तोडले.

मुलांनो, या कामी तुमचाही वाटा आहे. एकट्याने चालण्याचा वडीलधाऱ्यांना कंटाळा येतो. पाय घसरेल, असे भयही वाटते. सायंकाळी अर्धा तास त्यांच्याबरोबर चाला. पुढे धावू नका. त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवा. वाटेवरची झाडे, पिके आणि जुन्या हकीकती ते तुम्हांला सांगतील. मग हिवाळ्यातील एखाद्या सकाळी शिवनेरीच्या सातव्या दरवाज्यातून आत शिरताना आजोबा तुमच्या शेजारी असतील.

शब्दार्थ : कूर्चा – हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, मजल – एका दिवसात चालण्याचे अंतर.

स्वाध्याय
१. "आता वय झाले" हे म्हणणे पूर्णपणे खरे का नाही?
२. गड चढण्यापूर्वी चालण्याचा सराव कोणत्या क्रमाने करावा?
३. घरातील वडील माणसांबरोबर आठवडाभर चाला व त्यांनी सांगितलेली एक हकीकत लिहा.