ढगातले दप्तर

बालमित्रांनो, आणि त्यांच्या खांद्यावरून हे वाचणाऱ्या पालकांनो,

मागच्या शनिवारी मधल्या सुट्टीत मोठ्या गटाला मी विचारले, "तुमच्या नोट्स हरवल्या तर?" एक मुलगी लगेच म्हणाली, "काका, त्या क्लाउडवर आहेत. हरवतील कशा?" उत्तर अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा पाठ.

बरोबर अर्धे आधी. 4 ऑगस्ट 2024 रोजी शाळांच्या टॅब्लेटवर देखरेख ठेवणाऱ्या 'मोबाइल गार्डियन' या अ‍ॅपमध्ये कोणी तरी घुसले. सिंगापूरच्या 26 माध्यमिक शाळांतील सुमारे 13,000 विद्यार्थ्यांचे आयपॅड आणि क्रोमबुक दुरूनच कोरे झाले. ओ-लेव्हल तोंडावर आलेली! ज्यांच्या नोट्सची प्रत क्लाउडवर होती त्यांना त्या परत मिळवता आल्या. ज्यांची प्रत कुठेच नव्हती, ते हात चोळत बसले.

मग क्लाउड असला की झाले? नाही. क्लाउड म्हणजे ढग, पण आकाशात काहीच नसते. असतात ते कोणाच्या तरी इमारतीत कपाटांच्या रांगांत ठेवलेले दुसऱ्याचे संगणक. अशा इमारती आपल्या या छोट्याशा बेटावर 70 हून अधिक आहेत. वरील घटनेनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, 10 सप्टेंबर 2024 रोजी, लोयांगच्या अशाच एका इमारतीत लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली आणि अलिबाबा क्लाउडच्या सेवा कोलमडल्या. पुढच्या वर्षी, 26 सप्टेंबर 2025 रोजी, दक्षिण कोरियात देजॉन शहरी सरकारी संगणक केंद्राला आग लागली. तिथेही बॅटऱ्याच! सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह' या क्लाउडमधील 858 टेराबाइट माहिती जळाली. माहिती फार मोठी म्हणून तिची दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती.

पण घरोघरी माहिती जाते ती आगीने नव्हे. ती जाते 'सिंक'मुळे, आणि हे मी अनुभवाने सांगतो. गेल्या वर्षी मुलीचा टॅब्लेट भरला. तिने जुने व्हिडिओ पुसले. "बाबा, क्लाउडवर आहेत ना!" टॅब्लेट, माझा फोन आणि क्लाउड एकाच खात्याला जोडलेले, त्यामुळे व्हिडिओ तिन्हीकडून गेले. त्यांत माझ्या आईने तांदूळ निवडता निवडता म्हटलेल्या सात ओव्या होत्या. पुसलेली फाईल काही दिवस कचरापेटीत राहते, पण आम्हाला हे कळले दोन महिन्यांनी, दिवाळीत. आई आता नाही. साताऱ्याला बहिणीच्या फोनवर दोन ओव्या सापडल्या, त्याही खरखरीत. दोष मुलीचा नाही. वीस वर्षे सॉफ्टवेअर लिहूनही घरात एक साधी हार्ड डिस्क न ठेवणाऱ्या माझा आहे.

सिंक हा आरसा आहे. तुम्ही बाजूला झालात की आरशातले तुम्हीही जाता. प्रत वेगळी असते: मूळ पुसले तरी ती जागची हलत नाही.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची गोष्ट तुम्ही वर्गात ऐकली आहे. अभियंता असल्यामुळे मला त्यात चाकणचे संताजी जगनाडे जास्त आठवतात. त्यांनी तुकोबांचे अभंग आपल्या वह्यांत उतरवून ठेवले होते, अशी परंपरा आहे. (हे पत्रकही झेरॉक्स होऊन घरोघरी जाते, म्हणून माझ्या घरचे हरवले तरी मला चिंता नाही!)

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी 3-2-1 हा सोपा हिशेब रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. फोनमधली एक, क्लाउडवरची दुसरी, ती घराबाहेरही आहे. राहिली हार्ड डिस्क. ती कायम जोडून ठेवू नका, नाहीतर व्हायरस तिलाही गाठतो. महिन्यातून एकदा जोडा, फाईली 'कॉपी' करा, काढा, कपाटात ठेवा. फोनमध्ये जागा वाचवण्याची सोय चालू असेल तर फोनवर फक्त लहान आकाराची चित्रे उरतात. अशा वेळी मूळ चित्रे क्लाउडवरून उतरवून घ्यावीत. पालकांनी आणखी एक पाहावे. आजोबांचे गूगल खाते दोन वर्षे कोणी उघडले नाही, तर ते फोटोंसकट काढून टाकले जाऊ शकते. डिसेंबर 2023 पासून हा नियम लागू आहे.

गृहपाठ: आजी किंवा आजोबांचा आवाज असलेली एक फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन पुढच्या शनिवारी वर्गात यावे. इंटरनेट बंद करून ती उघडते का ते पाहू. आजी-आजोबा काय म्हणत आहेत ते पाच ओळींत मराठीत लिहून आणावे.