जुन्या जीपला पुढे डिस्क ब्रेक : काम घ्यावे तर पुरे घ्यावे

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कुंभारी येते. २००६ साली येथे विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. पुढे १९ जानेवारी २०२४ रोजी येथीलच रे नगरमधील पंधरा हजार घरे कामगारांच्या हवाली झाली. वस्ती वाढली तशी रस्त्यावरची वर्दळ वाढली. शेतातून गावात आणि गावातून शेतात एवढीच फिरणारी जुनी महिंद्रा जीप आता रिक्षा, मोटारसायकली आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या यांच्या गर्दीत थांबवावी लागते. साहजिकच मालक मिस्त्रीकडे येऊन म्हणतो, "पुढे डिस्क ब्रेक टाकून द्या." हे काम आपल्या अनेक गॅरेजवाल्या बंधूंकडे येते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

(जाता जाता एक गोष्ट. ज्या कंपनीने ही जीप भारतात आणली ती १९४५ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात महिंद्रांबरोबर मोहम्मदही होते. भागीदार मलिक गुलाम मुहंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले.)

जुन्या सीजे जातीच्या जीपला चारही चाकांना ड्रम असतात. नाल्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी व चिखल साचतो आणि पुढचे काही ब्रेक हवेत जातात. डिस्क उघडी असल्याने पाणी फेकून देते आणि उतारावर लवकर थंडही होते. तुळजापूरचा घाट उतरणाऱ्याला हा फरक पायाखाली जाणवतो. मालकाची मागणी अशी रास्त असते. चूक होते ती पुढे.

बरेच मिस्त्री चाकापाशीच काम संपवतात. हब, डिस्क, कॅलिपर बसवले, हवा काढली, गाडी दिली. मालक चार दिवसांनी परत येतो आणि म्हणतो, "अहो, पूर्वीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो!" तो खोटे बोलत नसतो. ड्रममधील पुढचा लायनर चाकाच्या फिरण्याबरोबर स्वतःच ओढला जातो व पायाच्या जोराला मदत करतो. डिस्कच्या पॅडला अशी आपोआप मदत मिळत नाही. तिला तेलाचा दाबच जास्त लागतो, आणि कॅलिपरचे पिस्टन मोठे असल्याने तेलही जास्त लागते. म्हणजे खरे काम पेडलपाशी आहे.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. एक इंच बोअरच्या मास्टर सिलिंडरऐवजी पाऊण इंचाचा घेतला तर त्याच पायाने सुमारे पावणेदोन पट दाब मिळतो. पण तेवढेच तेल ढकलायला पेडलही पावणेदोन पट खाली जाते, प्रसंगी फरशीला टेकते. म्हणून बोअर मोठा ठेवून दाबासाठी व्हॅक्यूम बूस्टर लावणे हाच सरळ मार्ग होय. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, त्याकरिता व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो. फरशीखालचा जुना सिलिंडर बहुधा एकाच सर्किटचा असतो. एक पाईप फुटला की चारही चाके रिकामी. तेव्हा पुढचे व मागचे तेल वेगळे ठेवणारा टँडम सिलिंडर घ्यावा.

ड्रमच्या सिलिंडरमध्ये पाईपात सुमारे दहा पौंड दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या वाटेत राहिला तर पॅड सुटत नाहीत, डिस्क तापते, गाडी ओढल्यासारखी चालते. तो काढावा. सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असेल तर त्याजागी दोन पौंडांचा वॉल्व्ह लावावा, नाहीतर तेल मागे उतरते. मागच्या ड्रमच्या लाईनवर प्रमाण राखणारा वॉल्व्ह हवा. ब्रेक मारताच वजन पुढे येते, मागची चाके हलकी होऊन आधी लॉक होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी फिरते.

आता चाकाकडे वळू. जुन्या जीपचा नकल बंद गोळ्याचा असतो आणि त्याचा सील गळका असणे ही नेहमीची गोष्ट आहे. ग्रीस पॅडवर आले की सारी मेहनत वाया. म्हणून आधी सील व बेअरिंग बदलावे. कॅलिपरचे ब्रॅकेट टर्नरकडून जाड प्लेटचे, मापात करून घ्यावे. बोल्ट ८.८ दर्जाचे किंवा त्याहून वरचे. नकलला वेल्डिंग कदापि करू नये. डिस्कचा डोल दशांश मिलिमीटरच्या आत असावा. रिम कॅलिपरला घासते का ते आधीच चाक लावून पाहावे. होज पाईप स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि चाक खाली सोडून तपासावा. आणि हवा काढण्याचे निपल वरच्या बाजूलाच हवे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येते, मग दिवसभर पंप मारला तरी हवा निघत नाही.

जुने लायनर काढताना हवेचा पाईप मारू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ती धूळ छातीत गेली की परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसावे.

दराविषयी आमचे मत स्पष्ट आहे. सिलिंडर, बूस्टर, पंप, वॉल्व्ह यांसह पुरा अंदाज लिहून द्यावा. भंगारातला कॅलिपर नवीन किट टाकून चालतो, पण पॅड, सील व होज जुने वापरू नयेत, आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली गेलेली डिस्कही नको. मालकाची तेवढी ऐपत नसेल तर अर्धे काम घेऊ नका. ड्रम लेथवर घासून, नवीन लायनर व व्हील सिलिंडरचे किट टाकून नीट ॲडजस्ट करून द्या. शेतावर फिरणाऱ्या गाडीला तेवढे पुरते. मजुरी कमी मिळेल, पण रात्री झोप लागेल.

कागदाचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ नमुन्यात मनमानी बदल चालणार नाहीत असे सांगितले. मालकाने आरटीओकडे विचारून लेखी परवानगी आणावी, मगच स्पॅनर हाती घ्यावा.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलेच. उघडा राहिलेला डबा हवेतील ओल पितो. पहिली चाचणी गॅरेजच्या आवारात, मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने वीसेक वेळा हळू ब्रेक मारून, मधे थंड होऊ देऊन पॅड बसवावे. आठ दिवसांनी गाडी परत बोलवावी, ब्रॅकेटचे बोल्ट व तेलाची पातळी पाहावी, आणि त्याचे पैसे वेगळे घेऊ नयेत.