एस. टी.ची फेरी आणि चालक-वाहकांचे तास

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात राज्य परिवहन महामंडळाची जालना, अंबड, परतूर व जाफ्राबाद अशी चार आगारे आहेत. सायंकाळची गाडी तासभर उशिरा सोडावी, ही ग्रामपंचायतींच्या ठरावांतील नेहमीची मागणी होय. अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळालेल्या मुलीची शाळा सुटण्यापूर्वीच गाडी निघून गेली, तर त्या पासाचा उपयोग काय? गाडी तीच, रस्ता तोच, डिझेलही तेवढेच. मग अडचण कोठे येते? ती बहुधा वाहनात नसून चालक-वाहकांच्या कामाच्या हिशेबात असते.

हा हिशेब दीर्घकाळ १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानुसार होत आला. या कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाचे ८ व आठवड्याचे ४८ तास काम ठरवून दिले. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आवश्यक ठरवली. कामाचे दोनच भाग पाडता येत, आणि हजेरीपासून सुटीपर्यंतचा एकूण काळ, मधली विश्रांती धरून, १२ तासांपलीकडे नेता येत नसे. गाडीची तपासणी, तिकिटांचा हिशेब व रोख रकमेचा भरणा हेही कामच मानले गेले. गाडी शेवटच्या थांब्यावर पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ उभी राहिली, तर तो वेळसुद्धा कामात धरला गेला. ठरल्या तासांवरील कामाला दुप्पट दराने अतिकालिक भत्ता द्यावा लागे.

एक उदाहरण घेऊ. समजा, चालक पहाटे ५.३० ला हजर झाला, ९.३० पर्यंत त्याने फेऱ्या केल्या, नंतर तो मोकळा राहिला आणि दुपारी १.३० ते सायंकाळी ५.३० पुन्हा कामावर होता. काम बरोबर ८ तास, एकूण काळ बरोबर १२ तास. आता गावाच्या मागणीनुसार दुपारचा भाग एका तासाने पुढे सरकवला, तर काम ८ तासच राहते. पण एकूण काळ १३ तासांचा होऊन नियमाबाहेर जातो. सकाळचा भाग पुढे ढकलावा, तर बाजाराला वा दवाखान्यात जाणाऱ्यांची पहिली गाडी चुकते. दुसरा चालक द्यावा, तर एका फेरीसाठी त्याला पूर्ण दिवसाचे वेतन पडते. एक तास म्हणजे काय मोठेसे, हा समज अशा रीतीने कागदावर टिकत नाही.

मुक्कामी गाडीचे गणित आणखी नाजूक असते. दोन दिवसांच्या कामांत सलग ९ तासांची विश्रांती त्याच कायद्याने सांगितली होती. रात्री ९ वाजता काम संपवणाऱ्या चालकाला सकाळी ६ पूर्वी गाडीवर बसवता येत नसे. ‘रात्री उशिरा या आणि पहाटे ५ ला निघा’ अशी मागणी करणारे गाव थकलेल्या चालकाच्या हाती आपलीच माणसे सोपवू पाहते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

वेतनाचे तास कसे मोजावे, यावर वेळापत्रक कसे अवलंबून असते, याचे ठळक उदाहरण विमान वाहतुकीत २०२४ साली दिसले. विस्तारा कंपनीच्या नव्या वेतनरचनेत वैमानिकांना हमीने मिळणाऱ्या उड्डाण-तासांचे वेतन ७० तासांवरून ४० तासांवर आले. नाराजी पसरली. वैमानिकांचे कार्यपत्रक आधीच इतके ताणलेले होते की, काहीजण गैरहजर होताच बदली माणूस उरला नाही. एप्रिलमध्ये अनेक उड्डाणे रद्द झाली व कंपनीला दैनंदिन उड्डाणे सुमारे १० टक्क्यांनी कमी करावी लागली. विमाने मात्र धावपट्टीलगत सुस्थितीत उभी होती.

१९६१ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला. दिवसाचे ८ तास, दुप्पट दराचा अतिकालिक मोबदला व पंधरा मिनिटांच्या थांब्याची तरतूद संहितेत आहे. विश्रांती व एकूण काळ यांचा तपशील शासकीय अधिसूचनेवर सोपवला आहे.

ठराव करताना शिक्षक व सदस्यांनी शाळा सुटण्याची नेमकी वेळ आणि पासधारक विद्यार्थ्यांची संख्या लिहावी. त्याहूनही उपयुक्त असा उपाय म्हणजे एकाच मार्गावरील दोन-तीन गावांनी मिळून मागणी करणे. एका गावाच्या एका फेरीसाठी स्वतंत्र चालक-वाहक देणे आगाराला परवडत नाही. पण तीन गावांच्या दुपारच्या व सायंकाळच्या फेऱ्या जोडल्या, तर सकाळी ११ ला सुरू होऊन मधल्या विश्रांतीसह सायंकाळी ७.३० ला संपणारी पूर्ण ८ तासांची कामगिरी तयार होते.