डोनरकडे काय उरतं ते आधी बघ

अगं, पाठ्यपुस्तकातली लिव्हरची आर्टरी प्रत्येक पोटात सापडेल असं धरून चालू नकोस. ॲनाटॉमिस्ट मिशेल्सने 1966 मध्ये 200 शवविच्छेदनांवरून दहा प्रकार मांडले, त्यांत ‘नेहमीची’ रचना निम्म्याहून थोड्याच जास्त जणांत निघाली. म्हणून सीटी अँजिओचा नुसता रिपोर्ट वाचून ओटीत येऊ नकोस. रेडिऑलॉजिस्टच्या शेजारी बस आणि प्रत्येक फांदीचा उगमापासून लिव्हरमध्ये शिरेपर्यंत स्वतः माग काढ. बघताना मनात एकच प्रश्न ठेव: ग्राफ्ट म्हणून एक भाग काढून नेल्यावर डोनरच्या पोटात उरलेल्या लिव्हरला रक्त कुठून येणार? आपल्याकडे डोनर बहुतेक वेळा पेशंटची बायको, आई नाहीतर मुलगा. तो माणूस धडधाकट असताना स्वतःच्या पायांनी चालत टेबलावर येतो. कापायची जागा त्याच्या हिताने ठरते.

सगळ्यात जपायची ती चौथ्या सेगमेंटची आर्टरी. राइट लोब काढताना हा सेगमेंट डोनरकडेच राहतो. त्याची फांदी पुष्कळदा डाव्या आर्टरीतून येते, पण बऱ्याच जणांत ती उजवीतून निघून डावीकडे वळते. अशा वेळी उजवी आर्टरी त्या फांदीच्या पुढे, लिव्हरच्या अंगाला काप. रेसिपियंटची टीम म्हणेल, टोक आखूड पडतंय. पडू दे. आखूड टोक मायक्रोस्कोपखाली जोडता येतं. डोनरकडे निदान 30 टक्के लिव्हर राहिलं पाहिजे हे तू पाठ केलं आहेस. त्यातून रक्त तुटलेला चौथा सेगमेंट वजा कर, मग खरं किती उरतं ते कळेल. कधी ही फांदी उजवीच्याही पुढच्या उपफांदीतून निघते. तिला वाचवायचं तर ग्राफ्टला दोन टोकं येतात. ती घ्यायची, की लेफ्ट लोबचा किंवा दुसऱ्या डोनरचा विचार करायचा, हे ऑपरेशनआधीच्या मीटिंगमध्येच ठरव. ओटीत शंका आली तर कापायच्या जागी बुलडॉग क्लॅम्प लाव आणि चौथ्या सेगमेंटमधला प्रवाह डॉपलरवर बघ. त्याशिवाय कात्री उचलू नकोस.

उजवी आर्टरी सुपीरियर मेसेन्टेरिकमधून येत असेल तर बिचकू नकोस. ती पोर्टल व्हेनच्या मागून, पित्तनळीच्या उजव्या अंगाने चढते. टोक लांब मिळतं आणि बहुधा जाडही असतं. पोर्टल व्हेन मोकळी करण्याआधी तिचा ठोका बोटांनी शोधून ठेव, एवढंच. डावी आर्टरी लेफ्ट गॅस्ट्रिकमधून येत असेल तर ती लेसर ओमेंटममधून जाते, म्हणून तो पातळ पडदा चाचपल्याशिवाय डायथर्मी चालवू नकोस.

आर्टरी आणि पित्तनळी यांच्यामधली ऊती सोलून स्वच्छ करायचा मोह आवर. पित्तनळीला रक्त आर्टरीतूनच मिळतं. तिथे फार नीटनेटकेपणा केलास तर पुढे नळी गळते किंवा आकसते.

रेसिपियंटमध्ये आर्टरी जोडताना चिमटा फक्त बाहेरच्या थराला लागू दे, आतल्या अस्तराला कधीच नाही. क्योतोच्या सर्जननी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोस्कोप वापरायला घेतला आणि आर्टरीत गुठळी होण्याचं प्रमाण खूप खाली आलं. म्हणून 8-0, 9-0 चे टाके घालताना घाई नको. दोन टोकं असतील तर मोठं आधी जोड. मग छोट्यातून लालभडक रक्त ठोक्याठोक्याने उलटं उसळत असेल आणि डॉपलरवर दोन्ही भागांत प्रवाह असेल, तर छोटं बांधलं तरी चालतं. जराशी शंका असली तरी जोडच.

रेसिपियंटच्या जठराकाठची उजवी गॅस्ट्रोएपिप्लोइक उगाच बांधू नकोस. त्याच्या आर्टरीचं अस्तर सुटलेलं निघालं तर तीच वळवून आणता येते.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ डॉपलर कर आणि प्रोबजवळ स्वतः उभी राहा. आर्टरीची लहर दिसेनाशी झाली तर सकाळच्या राउंडची वाट बघू नकोस. रात्रीचे कितीही वाजलेले असोत, मला फोन लाव आणि मी पोचेपर्यंत ओटी तयार करायला सांग.